हेमलॉक नॉबचा उतार

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय शैलाताईंस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमच्या पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला, कागद अजून वाटेत आहे. पोस्टात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदाशिवाय चैन पडत नाही, हे अनुपने लग्नाआधीच सांगितलं होतं. फोनवर तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना जेवलात का एवढंच विचारता. बाकीचं सगळं लिहिणं माझ्याकडे.

परवा हेमलॉक नॉबहून परत आलो. हे आमचं अकरावं वर्ष. फोटो पाहून तुम्ही दरवर्षी म्हणता, तीन तास ड्राइव्ह करून घसरगुंडीच खेळायची तर घराजवळ खेळा. पण तुमच्या भावाला तीच जागा लागते. दोन जुन्या चेअरलिफ्ट, एक लाकडी लॉज, गर्दी नाही, गाणी नाहीत. लॉजवाली बेथ स्वतः सूप करते आणि अनुपला नावाने ओळखते. चाळिसाव्या वर्षी पडत-झडत तो तिथे स्की शिकला आणि मग आमच्या मंडळातल्या निम्म्या पोरांना त्यानेच शिकवलं. मैत्री दहा वर्षांची असताना त्याच्या दोन पायांच्या मध्ये उभी राहून शिकली. आता वीस वर्षांची झाली आहे, कॉलेजातून थेट तिथे आली आणि बाबाला शर्यत लाव म्हणाली.

आता जे लिहिते ते काळजीने वाचा, पण घाबरू नका. पहिल्या दिवशी अनुपने बूट उलटे घातले आणि पाय दुखतो म्हणून चिडला. आम्ही हसलो. रविवारी जेवायच्या आधी एक राउंड मारून येतो म्हणून गेला. मैत्री खाली उभी होती. अर्धा तास झाला, तास झाला, तो आला नाही. अडीच तासांनी स्की पॅट्रोलवाल्यांना तो डोंगराच्या मागच्या बाजूच्या रस्त्यावर चालताना सापडला. स्की कुठे टाकल्या ते त्याला सांगता येईना. हातमोजेही नव्हते, बोटं पांढरी पडली होती. कुठे उतरलात असं त्यांनी विचारलं, तर अगदी नम्रपणे म्हणाला, माझी बहीण मला घ्यायला येणार आहे.

मी आणि मैत्रीने त्याची थट्टा केली, अमेरिकेत येऊनही ताईचाच पदर. तो हसला नाही. परत येताना मैत्रीने गाडी चालवली. स्की गाडीत टाकल्या ना, असं त्याने वाटेत चार वेळा विचारलं.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ताई, तुम्हाला एक सरळ विचारते. तुमच्या घरात कुणाला असं काही झालं होतं का?

मैत्रीचा साष्टांग जय भीम. (हा तिचा शब्द आहे, मी सुधारला नाही.) तब्येतीला जपा, आमची आठवण ठेवा.

तुमची,
कादंबरी


नागपूर
२ मार्च २०२५

चि. सौ. कादंबरीस,
सप्रेम जय भीम व अ. आ.

पत्र वाचलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, एक शिंक आली की तू तीन डॉक्टर करतेस. बर्फात माणूस वाट चुकणार नाही तर काय करणार, सगळीकडे पांढरंच. लहानपणी तो नळावर पाणी आणायला जायचा आणि बादली विसरून यायचा. शाळेतून दुसऱ्याचं दप्तर घेऊन आला होता. असा धांदरट होता म्हणून मी त्याला घ्यायला जायची, तेच त्याला आठवलं असेल. यात हसण्यासारखंही नाही आणि रडण्यासारखंही नाही.

त्याचं डोकं सारखं कॉम्प्युटरमध्ये असतं. त्याला झोपू दे, रोज भिजवलेले बदाम दे आणि तुझ्या याद्या जरा कमी कर. हे आण, ते कर, माणसाला धड श्वास घ्यायला मिळत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, मोठेपणाने लिहिते.

आमच्या घरात कुणाला काही नव्हतं. आई काविळीने गेली, बाबा हार्टने, ते तुला माहीत आहे. तिकडच्या डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीला नाव देण्याची हौस असते. त्यांच्या फार नादी लागू नकोस.

इकडे ऊन आतापासूनच चावतंय. कूलरची खस बदलून घेतली. मैत्रीला म्हणावं साष्टांग नमस्कार असतो, जय भीम उभ्यानेच करायचा असतो.

सगळ्यांवर माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी,
शैलाताई


अ‍ॅशबर्न
२७ एप्रिल २०२५

आदरणीय ताईंस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

बदाम दिले. याद्या बंद केल्या. त्याने काही झालं नाही.

निमिष नावाचा मुलगा अनुपच्या टीममध्ये आहे, तुम्ही त्याला आमच्याकडे जयंतीच्या कार्यक्रमात व्हिडिओवर पाहिलंय. तो घरी आला आणि चहाचा कप हातात धरून रडायलाच लागला. ऑक्टोबरपासून अनुपचं काम तोच करत होता. अनुपने त्याला विनवलं होतं, कादंबरीला सांगू नकोस. म्हणजे तुमच्या भावाला सगळं कळत होतं ताई. हेमलॉक नॉबला गेलो तेव्हा तो आमच्यापासून लपवत होता आणि आम्ही बुटांवरून हसत होतो.

डोक्याचा स्कॅन झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं. अल्झायमर आहे. म्हातारपणी होतो तोच, पण लवकर येणारा. एक्कावन्नाव्या वर्षी. डॉक्टर बाई फार शांतपणे बोलल्या. अनुपने एकच विचारलं, किती वर्षं माझ्या मुलीचं नाव मला येईल? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. तो थँक यू म्हणाला. घरी येताना कोथिंबीर संपली आहे म्हणून त्याने गाडी थांबवायला लावली आणि दुकानात जाऊन तीन जुड्या आणल्या. आत काय आणायला आलो होतो ते त्याच्या लक्षात राहिलं, याचाच त्याला इतका आनंद झाला की मला खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं.

डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लवकर येतो तेव्हा बहुतेक तो आईबापांकडून आलेला असतो. अनुपची आई कशाने गेली, कितव्या वर्षी, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी काविळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा विचारून बघा, कारण मग तुमच्या मुलीचाही प्रश्न येतो.

म्हणून पुन्हा विचारते. राग मानू नका.

तुमची,
कादंबरी


नागपूर
११ मे २०२५

चि. कादंबरीस,
अ. आ.

दहा दिवस रोज कागद घेऊन बसते आणि रोज फाडते. या पत्राचा फोटो पाठवते आहे तो फक्त तुझ्यासाठी. अनुपला दाखवू नकोस.

आई काविळीने गेली नाही.

ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. आमच्या वस्तीतली पहिली. तिचं अक्षर पाहायला लोक फळ्यापाशी थांबायचे. एक्केचाळिसाव्या वर्षी ती एकच धडा आठवडाभर शिकवायला लागली. मग मुलांची नावं विसरली, मग शाळेची वाट. हेडमास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं, बाईंना घरीच ठेवा. शेजारचे म्हणाले बाधा झाली, मांत्रिक आणा. बाबा म्हणाले, बाबासाहेबांनी आम्हाला यातून बाहेर काढलंय, माझ्या उंबऱ्यात भगत येणार नाही. डॉक्टर आणला. तो म्हणाला वेड आहे.

अनुप तेव्हा पाच वर्षांचा. आई त्याला ओळखायची नाही. कुणाचं पोर घरात शिरलं म्हणून हाकलायची. तो रडायचा, मी त्याला सांगायची, आई तुझ्याशी लपाछपी खेळते आहे. दोन वर्षं मी हेच सांगितलं.

मी एकोणीस वर्षांची असताना पोस्टाच्या परीक्षेला बसले. बाबांची मिलमध्ये पाळी होती. आईला घरात ठेवून मी बाहेरून कडी लावली आणि गेले. पेपर चांगला गेला म्हणून आनंदात चार वाजता परत आले, तर दार उघडं. ओट्यावर अनुप बसला होता. शाळा लवकर सुटली होती. मला पाहून इतका हसला, म्हणाला, "ताई, आईने मला अनुप म्हटलं. आतून हाक मारली. अनुप, दार उघड म्हणाली."

त्याने कडी काढली होती. कित्येक महिन्यांनी तिला त्याचं नाव आठवलं होतं, तो कडी काढणार नाही तर काय करणार?

तिसऱ्या दिवशी ती वस्तीपलीकडच्या शेतातल्या विहिरीत सापडली. अनुपला आम्ही वर्ध्याच्या मावशीकडे पाठवलं आणि सांगितलं आईला कावीळ झाली, दवाखान्यात नेलं. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं. त्या पोराला कडीचं कळलं तर तो जन्मभर त्या ओट्यावरच बसून राहील, असं ते म्हणाले. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. आठवतं की नाही, मला माहीत नाही.

मी पंचेचाळिशी ओलांडली, तेव्हा वाटलं सुटले. माझ्या वाट्याला आलं नाही. अनुप पन्नाशीचा झाला त्या दिवशी मी विहारात खीर वाटली. कशाबद्दल म्हणून तू विचारलंस, मी म्हटलं सहज. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं, त्यातलं ते बहीण घ्यायला येणार हे वाक्य वाचलं आणि तेव्हाच मला सगळं कळलं. कळलं म्हणूनच तुला तसं रागावून लिहिलं.

मैत्रीला आजाराचं सांग. तिचा तो हक्क आहे. कडीचं फक्त तुझ्याजवळ ठेव.

मी क्षमा मागत नाही. मागण्याइतकं तोंड नाही.

शैला


अ‍ॅशबर्न
३० मे २०२५

शैलाताई,

जय भीम.

मैत्रीला सांगितलं. कडीचं कुणालाच सांगितलं नाही, सांगणार नाही.

लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला माझा पत्रिकेवर विश्वास आहे का विचारलं होतं. मी नाही म्हटलं तेव्हा केवढ्या खूश झालात. तेव्हाच एक वाक्य बोलला असतात तर आम्ही मूल होऊ देण्याआधी विचार केला असता. हे वाक्य मी लिहिलं आणि शेजारच्या खोलीत मैत्री फोनवर कुणाशी तरी हसताना ऐकू आली. ती नसावी असं मी कसं लिहिलं? तुमच्यामुळे मी आज माझ्याच मुलीबद्दल हे लिहिलं.

काही दिवस पत्र पाठवू नका. लोभ असेल तर असेल, आत्ता मला तो सापडत नाही.

कादंबरी


अ‍ॅशबर्न
१४ सप्टेंबर २०२५

डिअर आत्या,
सप्रेम जय भीम (उभ्याने).

माझं मराठी लिहिणं बॅड आहे, सॉरी. तू मला दोन समर शिकवलंस तेवढंच येतं. हे तीन वेळा कॉपी केलंय.

मी एक सेमिस्टर कॉलेज सोडून घरी आहे. आई आधी चिडली. तिला हेल्प हवी होती. बाबाला आता वाचता येत नाही. म्हणजे शब्द वाचतो, पण लाइन संपेपर्यंत सुरुवात जाते. म्हणून मी त्याला तुझी जुनी पत्रं वाचून दाखवते, आईच्या ड्रॉवरमध्ये सगळी आहेत, डेटप्रमाणे लावलेली. मेचं एक तिने काढून ठेवलंय, ते मी मागितलं नाही. तू ज्यात पोस्टमास्तरच्या विगबद्दल लिहिलंस ते त्याचं फेव्हरिट आहे. एकाच दिवशी पाच वेळा हसतो.

पण ती संपली आत्या. प्लीज नवीन पाठव. आईला नाही तर बाबाला पाठव, मी वाचीन. सॅड काही लिहू नकोस, त्याला गोष्ट विसरायला होते पण सॅड राहतो, का ते त्याला कळत नाही.

लोक मला विचारतात, मलाही बाबासारखं होणार का ती टेस्ट करणार का. काउन्सेलर म्हणते, नो राइट आन्सर. मला राग येतो, कारण मला राइट आन्सरच हवं आहे. आई विचारत नाही. ती फक्त मी किल्ली कुठे ठेवली विसरले की माझ्याकडे बघते.

आजी कोणता सब्जेक्ट शिकवायची? आई म्हणाली ती टीचर होती. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मलाही टीचर व्हायचंय, म्हणून विचारलं.

तू रडू नकोस. उत्तर पाठव, नाहीतर मी तिकडे येऊन बसेन.

तुझी,
मैत्री


अ‍ॅशबर्न
१९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय ताईंस,
सप्रेम जय भीम.

नऊ महिन्यांनी लिहिते आहे. अनुपच्या नावाने दर आठवड्याला येणारी तुमची पत्रं मी स्वयंपाकघरातून ऐकते. आजी भूगोल शिकवायची आणि खडूने एका दमात नकाशा काढायची, हे ऐकलं त्या दिवशी मैत्रीने ते वाक्य पुन्हा दोनदा मोठ्याने वाचलं. माझा राग गेला असं नाही. पण तो आता तुमच्यावर नाही, आणि कुणावर आहे तेही कळत नाही.

या पत्राचा फोटो पाठवत नाही. पोस्टानेच टाकते आहे. का ते पुढे कळेल.

आम्ही पुन्हा हेमलॉक नॉबला गेलो. मी नको म्हणत होते. मैत्री म्हणाली, पुढच्या वर्षी नेता येणार नाही. बर्फ कमी होता, एकच लिफ्ट चालू होती, डोंगरावर मोजून वीसएक माणसं. अनुपला बूट आम्ही दोघींनी घातले. शर्टाची बटणं त्याला लावता येत नाहीत, पण स्की पायात आल्या आणि ताई, तो उभा राहिला तो जुना अनुप. गुडघे वाकले, खांदे सैल झाले. कुठे जायचं, कुठे थांबायचं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून मैत्री लाल जॅकेट घालून पुढे आणि तो तिच्या मागे. तिच्या प्रत्येक वळणावर तो वळत होता. एकदाही पडला नाही. मी खाली उभी राहून पाहत होते आणि मला क्षणभर खरंच वाटलं, डॉक्टर चुकले.

खाली येऊन थांबले. त्याने चष्मा वर केला, तिच्याकडे पाहून छान हसला आणि इंग्रजीत म्हणाला, तुम्ही फार चांगलं शिकवता, इथे किती वर्षं आहात?

मैत्री म्हणाली, "बारा वर्षं, सर. माझ्या बाबांनी शिकवलं."

तो म्हणाला, "देन ही मस्ट बी अ गुड मॅन."

मग तो बेथपाशी सूप प्यायला बसला आणि मैत्री मला लिफ्टवर घेऊन गेली. मला स्की येत नाही, पण त्या लिफ्टने स्की न घातलेल्या माणसालाही वर जाऊन परत येता येतं. जुनी दोन जणांची खुर्ची आहे, हळू चालते. निम्म्या वाटेवर गेल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, मी डिसेंबरमध्ये टेस्ट केली. मला आहे."

वर पोचलो तेव्हा मी खुर्चीतून उतरलेच नाही. लिफ्ट थांबवावी लागली.

ती एकटी जाऊन रिझल्ट घेऊन आली होती. त्या दिवशी घरी येऊन तिने आम्हाला भाकऱ्या करून वाढल्या होत्या, मला आठवतंय, चांगल्या झाल्या म्हणून मी कौतुक केलं होतं. तिने हिशोब केलाय, वीस वर्षं मिळतील. डॉक्टर म्हणतात तोपर्यंत औषध निघेल. निघेलही. मी हो म्हटलं. मला त्यातला एक शब्दही खरा वाटला नाही, आणि तिलाही वाटला नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

तिने वचन घेतलं की हे आत्याला कळू द्यायचं नाही. ती स्वतःला दोष देत मरेल, म्हणाली. मी वचन दिलं आणि आज तुम्हालाच लिहायला बसले आहे, कारण हे घेऊन मी एकटी चालू शकत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीने कडीचं इतकी वर्षं कसं सांभाळलं, ते मला आता विचारावंसं वाटतं. विचारत नाही.

तुमची पत्रं मैत्रीच उघडते, मैत्रीच वाचते. म्हणून या पत्राचं उत्तर देऊ नका. वाचून फाडून टाका. तुम्हाला काही कळलंय असं तिला एका अक्षरातूनही दिसू देऊ नका. मागे तुम्ही लपवलंत म्हणून मी तुम्हाला काय काय लिहिलं, आणि आज मीच तुम्हाला लपवायला सांगते आहे.

माझ्यावर राग असेल तर ठेवा, पण सोडून जाऊ नका.

तुमची,
कादंबरी


नागपूर
१५ मार्च २०२६

चि. अनुपस,
सप्रेम जय भीम व खूप खूप आशीर्वाद.

तुझी ताई मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो एवढंच. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांनी पोपट पाळलाय आणि त्याला फक्त कुकरची शिट्टी येते. सकाळपासून चार वेळा मी गॅस बंद करायला उठले. काल शोभनाबाई आल्या होत्या, पोस्टात माझ्या शेजारच्या खिडकीवर असायच्या त्या. त्यांनी नवे दात बसवलेत, त्यामुळे प्रत्येक वाक्य शिट्टी घालून बोलतात. त्यांचं आणि पोपटाचं छान जमलं.

पासपोर्ट हातात आला. फोटोत मी कुणाच्या तरी खुनाची साक्ष द्यायला आल्यासारखी दिसते. व्हिसाची तारीख जूनमध्ये मिळाली आहे. मिळाला तर जितके दिवस राहू देतील तितके दिवस तुमच्याकडे राहीन. विमानाची भीती वाटते, पण तू एकवीस वर्षांपूर्वी एवढासा होऊन चढलास, तर मी का नाही चढणार.

कादंबरीला सांग, तिचा कागद पोचला. वाचला, आणि जसा सांगितला होता तसाच केला. स्वेटरचा नमुना होता, घरं मोजून मोजून पाठवला होता तिने. तिने काळजी करू नये, माझ्या हातून टाका सुटणार नाही.

मैत्री, तुला वेगळं पत्र लिहीत नाही. तू मोठी झालीस, आत्याचं सगळं तुला कळतं. भाकरी छान करतेस असं ऐकलं, मी आले की मला करून घाल. हे पत्र वाचताना घाई करू नकोस, सावकाश वाच. संपल्यावर त्याने पुन्हा मागितलं तर पुन्हा पहिल्यापासून वाच. त्याला ते नवंच वाटेल, आणि मला तेवढाच वेळ तुम्हा तिघांपाशी बसायला मिळेल.

तुझी,
ताई